एका टिंबाचा कायदा

तुर्कस्तानात संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना एक जुने दुखणे ठाऊक आहे. अमेरिकेत किंवा जर्मनीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली आज्ञावली इस्तंबूलमधील संगणकावर चढवली, की ती अचानक स्वतःच्याच डेटाबेसमधील रकान्यांची नावे ओळखेनाशी होते. आज्ञावली बिघडलेली नसते आणि यंत्रही धड असते. भांडण असते ते रोमन लिपीतील ‘आय’ या अक्षराच्या डोक्यावरील टिंबाचे. त्या टिंबाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९२८ साली, म्हणजे आजच्या अर्थाचा संगणक अस्तित्वात येण्यापूर्वीच, आणि ते मिळवून दिले मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी. मराठी वाचक त्यांना केमाल पाशा या नावाने अधिक ओळखतो.

देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नाही. त्यामुळे या भांडणाचे मूळ मराठी माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षराला दोन रूपे असतात आणि संगणक त्या दोन रूपांना दोन निराळे क्रमांक देतो. कॅपिटल ‘ए’चा क्रमांक ६५, तर स्मॉल ‘ए’चा ९७. माणसाला एकच वाटणारे नाव यंत्राला दोन निरनिराळ्या आकड्यांची माळ वाटते. बँकेच्या खातेदारांत एखादे नाव शोधायचे आणि ते कोणी कॅपिटलमध्ये, कोणी स्मॉलमध्ये भरलेले, असा प्रसंग नित्याचा आहे. त्यावरचा उपायही सोपा आहे. शोधायचा शब्द आणि साठवलेला शब्द, दोन्ही एकाच रूपात आणायचे आणि मग तुलना करायची. एसक्यूएल या प्रश्नभाषेत त्यासाठी अप्पर आणि लोअर अशी तयार साधने आहेत. काही डेटाबेस तर असा भेद न मानण्याचा नियमच पदरी बाळगतात; त्याला कोलेशन म्हणतात. इंग्रजीपुरते हे सारे सुरळीत चालते, कारण कॅपिटलचे स्मॉल आणि स्मॉलचे कॅपिटल कोणते, याबद्दल इंग्रजीत वाद नाही. तुर्कीत तो आहे, आणि त्यामागे एका माणसाचा विलक्षण आयुष्यक्रम आहे.

मुस्तफाचा जन्म १८८१ साली सलोनिका शहरात झाला. आज ते ग्रीसमध्ये आहे, तेव्हा ते ऑटोमन साम्राज्यातील गजबजलेले बंदर होते. तुर्क, ग्रीक, ज्यू, बल्गेरियन असे सारे तेथे एकत्र नांदत आणि एकाच बाजारात चार-पाच लिप्यांतील पाट्या दिसत. वडील अली रझा यांनी सरकारी नोकरी आणि लाकडाचा व्यापार केला. आई झुबेदा धार्मिक वृत्तीची. मुलाने मशिदीच्या शाळेत जावे अशी आईची इच्छा, तर नव्या पद्धतीच्या शाळेत जावे असा वडिलांचा आग्रह. तडजोड अशी झाली, की मुस्तफाने काही दिवस पहिल्या शाळेत काढले आणि मग तो शम्सी एफेंदींच्या आधुनिक शाळेत दाखल झाला. वडील लवकर वारले. मुलाने सैनिकी शाळेची वाट धरली. तेथे गणिताच्या शिक्षकांचे नावही मुस्तफाच होते. वर्गातील या हुशार मुलाला वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांनी त्याच्या नावापुढे केमाल, म्हणजे परिपूर्णता, हा शब्द जोडला अशी कथा आहे. दोन सारखी नावे वेगळी कशी ओळखायची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात असा फार लवकर आला.

मोनास्तिर, मग इस्तंबूल, आणि १९०५ साली युद्धशास्त्राच्या प्रबोधिनीतून कॅप्टनचा हुद्दा. दमास्कस, लिबिया, बाल्कन युद्ध. १९१२ साली सलोनिका ग्रीकांच्या हाती गेले आणि जन्मगाव कायमचे परके झाले. पुढच्या वर्षी ते लष्करी प्रतिनिधी म्हणून बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे गेले. तेथून १९१४ साली त्यांनी इस्तंबूलमधील कोरीन या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तुर्की मजकूर रोमन अक्षरांत, फ्रेंच वळणाच्या वर्णरचनेने लिहिलेला आढळतो. लिपीचा विचार त्यांच्या मनात सत्तेबरोबर आला नाही. तो कितीतरी आधीपासून घोळत होता.

त्याच सुमारास युद्धमंत्री एन्व्हर पाशांनी सैन्यासाठी अरबी लिपीची एक सुधारित तऱ्हा काढली होती. अक्षरे एकमेकांना न जोडता सुटी लिहायची आणि स्वर स्पष्ट दाखवायचे. ऐन युद्धात हुकूम लिहायला आणि वाचायला दुप्पट वेळ लागू लागला, तेव्हा ती योजना गुंडाळावी लागली. अर्धवट सुधारणा ही मुळात सुधारणाच नव्हे, ही केमाल यांची पुढची भूमिका या फसलेल्या प्रयोगाशी जोडून पाहिली तर अधिक कळते.

गालिपोलीची १९१५ सालची झुंज, महायुद्धातील पराभव, १९ मे १९१९ रोजी सामसून बंदरात उतरून उभारलेला लढा, २३ एप्रिल १९२० रोजी अंकारात भरलेली राष्ट्रसभा, साकार्या नदीकाठची लढाई, १९२२ साली इझमीरची मुक्तता, हा इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे. २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक घोषित झाले आणि केमाल पाशा पहिले अध्यक्ष झाले. भारतात त्या वेळी खिलाफत चळवळीचे कार्यकर्ते ज्या गादीसाठी तुरुंगात जात होते, ती खलिफाची गादी ३ मार्च १९२४ रोजी खुद्द अंकाराच्या राष्ट्रसभेनेच मोडीत काढली. आगाखान आणि अमीर अली यांनी खलिफाच्या बाजूने तुर्की पंतप्रधानांना लिहिलेले पत्र इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्याने गादी वाचण्याऐवजी तिचा शेवट जवळ आला. हिंदुस्थानातील मुसलमानांना हा धक्का सावरायला बरीच वर्षे लागली.

मग फेझ टोपी गेली, युरोपीय वळणाचा दिवाणी कायदा आला आणि १९२८ साली लिपीचा नंबर लागला.

अरबी लिपी वाईट होती असे नाही. ती तुर्कीसाठी घडलेली नव्हती. अरबी भाषेचा संसार तीन मूळ स्वरांत चालतो, तुर्कीला आठ लागतात. परिणामी अनेक शब्द लिहिताना एकरूप होत. झाला या अर्थाचे तुर्की क्रियापद आणि मेला या अर्थाचे क्रियापद अरबी लिपीत अगदी सारखे दिसते. मेहमेट पाशा झाला, की मेहमेट पाशा मेला, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. तुर्की लेखक हे उदाहरण मोठ्या चवीने देतात. उच्चारात भिन्न असलेले शब्द कागदावर समान ठरणे, हा त्या लिपीचा खरा दोष होता. त्याखेरीज राजकीय हेतूही होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. लिपी बदलली की नव्या पिढीचा मदरशांशी, जुन्या फर्मानांशी आणि ऑटोमन भूतकाळाशी असलेला धागा आपोआप तुटणार होता. १९२३ साली इझमीरच्या आर्थिक परिषदेत रोमन लिपीची सूचना आली, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या काझिम काराबेकिर पाशांनी ती याच भयाने धुडकावली होती. १९२७च्या जनगणनेत शंभरातील जेमतेम दहा-अकरा माणसे साक्षर निघाली. उरलेल्या नव्वदांना तोडायला धागाच नव्हता, असा केमाल यांचा हिशेब असावा.

१९२८च्या उन्हाळ्यात भाषा आयोग कामाला लागला. बदलासाठी पाच वर्षे लागतील, पंधराही लागतील, तोवर वर्तमानपत्रांत दोन्ही लिप्या शेजारी शेजारी चालू द्याव्यात, असे सदस्यांचे मत होते. केमाल यांनी ते साफ नाकारले. बदल तीन महिन्यांत होईल, नाहीतर कधीच होणार नाही. शेजारी शेजारी लिप्या छापल्या तर लोक जुनी तेवढी वाचतील आणि एन्व्हरच्या लिपीची गत होईल, ही त्यांची भीती व्यवहारी होती.

अक्षरांची निवड मात्र बारकाईने झाली. तुर्कीचे आठ स्वर जोड्यांनी चालतात. जीभ पुढे ठेवून उच्चारायचा एक स्वर आणि मागे ओढून उच्चारायचा त्याचा भाऊ. शब्दाला प्रत्यय लागतो तोही याच भावकीतून निवडला जातो. म्हणून नेहमीचा इ आणि घशाकडून येणारा, इ व अ यांच्या मधला स्वर, हे दोन्ही दाखवणे भाग होते. आयोगाने त्यांना एकच अक्षर दिले आणि फरक टिंबावर सोपवला. टिंबवाला आय म्हणजे इ, बिनटिंबाचा आय म्हणजे तो दुसरा स्वर. इथपर्यंत काहीच बिघडले नव्हते. पण कॅपिटलचे काय? युरोपात सर्वत्र स्मॉल आयवर टिंब असते आणि कॅपिटल होताच ते गळून पडते. तुर्कीत ते गळू दिले असते तर दोन स्वर पुन्हा एकरूप झाले असते, म्हणजे जुन्या लिपीचाच रोग. म्हणून टिंबवाल्याचे कॅपिटलही टिंबवाले आणि बिनटिंबाचे कॅपिटलही बिनटिंबाचे ठरले. पत आणि पंत यांतील फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला टिंबाचे वजन सांगायला नको. तुर्कीतही सीमा आणि मज्जातंतू या अर्थांचे दोन शब्द केवळ टिंबांनी वेगळे राहतात.

याच आयोगाची एक गंमत फालिह रिफ्की अताय यांनी आठवणींत नोंदवली आहे. आयोगाने क्यू हे अक्षर वगळले होते. काझिम नावाच्या एका पाशांना आपले नाव क्यूशिवाय लिहिणे पटेना. केमाल यांनीही, एका अक्षराने काय होते, म्हणून ते स्वीकारायची तयारी दाखवली. दुसऱ्या दिवशी अताय यांनी विषय पुन्हा काढला. केमाल यांनी कागद घेऊन स्वतःचे नाव दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिले, पण स्मॉल अक्षरांच्या वळणाने. तो क्यू त्यांच्या डोळ्यांत भरला नाही आणि क्यूची गच्छंती झाली. अताय पुढे म्हणतात, की कॅपिटल क्यूचा डौल त्यांना ठाऊक नव्हता हे नशीब, नाहीतर ते अक्षर राहिलेच असते. एका राष्ट्राच्या वर्णमालेतले अक्षर कॅपिटल-स्मॉलच्या अशा योगायोगावर गेले.

९ ऑगस्ट १९२८च्या रात्री इस्तंबूलच्या सराय बुर्नू उद्यानातील मेजवानीत केमाल यांनी नव्या अक्षरांची घोषणा केली आणि मग ते खडू घेऊन गावोगाव निघाले. कायसेरी येथे फळ्यापाशी उभे असलेले त्यांचे सप्टेंबरमधील छायाचित्र आजही तुर्की शाळांतून दिसते. १ नोव्हेंबरला राष्ट्रसभेने कायदा क्रमांक १३५३ संमत केला. २९ अक्षरे, त्यांत ८ स्वर. १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रे नव्या लिपीत आणि १ जानेवारी १९२९पासून पुस्तकेही. त्याच दिवशी राष्ट्रशाळा उघडल्या आणि प्रौढांना त्यांत बसणे सक्तीचे झाले. १९३५पर्यंत साक्षरता जवळपास दुप्पट झाली. जुन्या लिपीत जन्म घालवलेले कातिब, मुद्रक आणि मौलवी मात्र एका हिवाळ्यात निरक्षरांच्या रांगेत जाऊन बसले. त्यांची गणती कोणी केली नाही.

अर्धशतकाने संगणक आला तो अमेरिकी वर्णमाला घेऊन. तिच्यात आयला दोनच क्रमांक होते, कॅपिटलला ७३ आणि स्मॉलला १०५. तुर्कीला चार हवे होते. १९८९ साली तुर्कीसाठी निघालेल्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत आइसलँडच्या भाषेची सहा अक्षरे काढून तुर्कीची बसवण्यात आली. पुढे युनिकोडने टिंबवाल्या कॅपिटलला ३०४ आणि बिनटिंबाच्या स्मॉलला ३०५ हे क्रमांक दिले. क्रमांक मिळाले, तरी एक गाठ सुटली नाही. क्रमांक ७३चे स्मॉल रूप इंग्रजीत १०५, तर तुर्कीत ३०५. क्रमांक १०५चे कॅपिटल इंग्रजीत ७३, तर तुर्कीत ३०४. अक्षर एकच, क्रमांक एकच, पण भाषा बदलली की जोडीदार बदलतो.

याचे परिणाम हास्यास्पद आणि गंभीर अशा दोन्ही तऱ्हांचे झाले. एसक्यूएलमधील इन्सर्ट, लाइक, लिमिट, इंडेक्स या शब्दांत आय आहे. तुर्की नियमाने कॅपिटल इन्सर्टचे स्मॉल रूप केले, तर पहिल्या अक्षराचे टिंब नाहीसे होते आणि हा शब्द यंत्राच्या शब्दकोशात राहत नाही. टायटल नावाच्या रकान्याचे तेच. जावा भाषेच्या अधिकृत माहितीपत्रात इशारा म्हणून याच शब्दाचे उदाहरण दिले आहे. पीएचपी या लोकप्रिय भाषेत तुर्की नियम लागू करताच आय असलेली कार्यवर्गांची नावे सापडेनाशी होत. ही तक्रार २००२ साली नोंदली गेली आणि निवारण झाले २०१३ साली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तुर्की कोलेशन घेतले, की ओळखक्रमांकाच्या रकान्याचे कॅपिटल आणि स्मॉल नाव दोन वेगळे रकाने ठरतात. उलट बाजूही तितकीच अवघड. इस्पार्ता हे तुर्की शहर बिनटिंबाचे, इझमीर टिंबवाले. इंग्रजी नियमाने शोध घेणाऱ्याला कॅपिटलमध्ये लिहिलेल्या इस्पार्ताचे स्मॉल रूप टिंबासह मिळते, म्हणजे नसलेल्या गावाचे नाव.

पोस्टग्रेसच्या रचनाकारांनी यातून काढलेली वाट समंजस आहे. प्रश्नभाषेच्या स्वतःच्या शब्दांना जगातील कोणत्याही भाषेचा नियम लावायचा नाही. तेथे केवळ मूळ सव्वीस अक्षरांची ठरलेली जोडी. माणसांची, गावांची नावे तोलताना मात्र त्या भाषेचा नियम. ही विभागणी ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यासाठी यंत्राला नाव कोणत्या भाषेचे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि बर्लिनमधील एखाद्या रुग्णालयाच्या यादीत तुर्की आणि जर्मन नावे एकाच रकान्यात बसलेली असतात. शिवाय वेगाचा प्रश्न वेगळाच. अकारविल्हे लावलेली अनुक्रमणी मूळ नावांची असेल आणि शोध बदललेल्या रूपाने घेतला, तर तिचा उपयोग होत नाही. यंत्र सारी यादी पहिल्यापासून चाळत बसते. म्हणून अनुक्रमणीही बदललेल्या रूपाचीच बांधावी लागते, आणि ती कोणत्या नियमाने, हा प्रश्न पुन्हा टिंबाशी येऊन थांबतो. मराठीही यातून पूर्ण सुटलेली नाही. ऱ्हासातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येते, डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात आणि तुलना करताना मात्र जुळत नाहीत.

केमाल यांना नावांच्या या जगाचा अनुभव वेगळ्या मार्गाने आला. १९३४पर्यंत बहुसंख्य तुर्कांना आडनावच नव्हते. सैन्यभरती, करवसुली, शाळांचे हजेरीपट, सर्वत्र अहमद आणि मेहमेट यांची गर्दी. जूनमध्ये आडनावांचा कायदा झाला आणि २४ नोव्हेंबरला राष्ट्रसभेने त्यांना अतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले; दुसऱ्या कोणालाही ते घेण्यास मनाई झाली. त्याच काळात अरबी-फारसी शब्द हुडकून हाकलण्याची मोहीम जोरात होती. केमाल हे नावही अरबी. तेव्हा त्यांच्या ओळखपत्रावर कामाल असे रूप आले आणि ते जुना तुर्की शब्द असल्याचे सांगण्यात आले. दोनतीन वर्षांत तेही मागे पडून केमाल परत आले. देशाची सारी नावे नोंदवहीत नीट बसवू पाहणाऱ्या माणसाचे स्वतःचे नाव नोंदींमध्ये दोन प्रकारे लिहिलेले आहे.

१९२७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सहा दिवसांत मिळून छत्तीस तास केलेले गाजलेले भाषण जुन्या लिपीत छापले गेले होते. लिपी गेली, पाठोपाठ शब्दही गेले. पुढच्या पिढ्यांसाठी त्याचे तुर्कीतूनच तुर्कीत भाषांतर करावे लागले. राष्ट्रपित्याचा मुख्य ग्रंथ नातवंडांना मुळातून वाचता येऊ नये, ही किंमत लहान नव्हती.

दुसरी किंमत कुर्दांनी मोजली. कुर्दी भाषेला क्यू, एक्स आणि डब्ल्यू ही अक्षरे लागतात. १३५३च्या यादीत ती नव्हती म्हणून नोंदणी अधिकारी अशी नावे लिहून घेत नसत. कुर्दी नववर्षाच्या निमंत्रणात डब्ल्यू वापरला म्हणून लोकांवर खटले झाले. त्याच सरकारच्या प्रत्येक संकेतस्थळाचा पत्ता तीन डब्ल्यूंनी सुरू होत होता, याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही अशा नावांच्या खटल्यात तुर्की सरकारचीच बाजू ग्राह्य धरली. सप्टेंबर २०१३मध्ये सरकारने ही अक्षरे खुली करण्याची घोषणा केली आणि मार्च २०१४मध्ये शिक्षेची तरतूद कायद्यातून निघाली.

अतातुर्क यांची प्रकृती १९३७पासून ढासळत गेली. यकृताच्या विकाराने १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी दोल्माबाहचे राजवाड्यात त्यांचे निधन झाले. वय होते ५७. पार्थिव पंधरा वर्षे अंकाराच्या मानववंश संग्रहालयात होते. १९५३ साली ते अनित्काबिर या स्मारकात हलवण्यात आले. तुर्कस्तानच्या १९८२च्या राज्यघटनेतील १७४व्या कलमाने त्यांच्या काळातील आठ कायद्यांना विशेष संरक्षण दिले आहे. घटनाविरोधी ठरवून ते रद्द करता येत नाहीत. त्या आठांत १ नोव्हेंबर १९२८चा लिपीचा कायदा आहे, आणि त्याच्या जोडपत्रातील तक्त्यात आय दोनदा येतो, एकदा टिंबासह आणि एकदा टिंबाविना.